पहिलीच्या पोरांचं मीठ

दिवाळीनंतर कोकिळा खारदेवळ्याच्या शाळेत रुजू झाली, तेव्हापासून पोटात ढवळून आलं नाही असा एकही दिवस गेला नव्हता. तिचं माहेर पालीजवळ, भातशेतीच्या गावात. चिखल तिला नवा नव्हता. पण तिकडचा चिखल आषाढातला, गार, गवताच्या वासाचा. इथे धरमतरच्या खाडीला ओहोटी लागली की खाजणाच्या उघड्या पडलेल्या चिखलातून नासक्या अंड्यासारखी घाण उठायची, ती भाताच्या घासापर्यंत पोचायची. शाळेच्या मागेच सुकट वाळत घातलेली. पोरांच्या नाकातून शेंबूड, पायांवर वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे. नवरा मुंबईला गोदीत कामाला, महिन्यातून एका रविवारी यायचा. त्याला तिने पहिल्याच भेटीत सांगितलं की इथे आपलं मन लागायचं नाही. तो म्हणाला, नोकरी कायम होईस्तोवर काढ, मग बदली मागू. ठमाबाई नावाच्या एका म्हातारीच्या पडवीला लागून एक खोली होती, तिथे ती राहायची. ठमाबाई मायाळू होती, पण तिच्या हातच्या कालवणाचाही वास कोकिळेला सुरुवातीला सोसायचा नाही.

तरी ही किळस वरवरची होती. खरी किळस तिला मूलोद्योगाचं, म्हणजे पोरांच्या हस्तकामाचं, कपाट उघडलं तेव्हा आली.

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठावन्न साली, शाळाशाळांतून हाताने काम करत शिकवायची पद्धत रुळली होती, निदान कागदावर तरी. कोकिळा अध्यापिका विद्यालयात दोन वर्षं तेच शिकून आली होती. लहान मूल आधी हाताने शिकतं, मग डोक्याने, हे तिला मनापासून पटलेलं होतं. म्हणून तिने हेडमास्तरांकडे कपाटाची चावी मागितली. बाळाजी मास्तरांनी ती दिली.

कपाटात मातीची फळं होती. आंबे, पेरू, एक सीताफळ, दोन केळी. रंग पोपडे धरून सुटलेला, खाली जुन्या रंगाचे थर. प्रत्येक फळाला गोंदाने चिठ्ठी चिकटवलेली, चिठ्ठीवर मुलाचं नाव. सीताफळ पोकळ होतं आणि त्यात उंदराने घर केलेलं. शेजारी टकळ्या पडल्या होत्या, त्यांच्यावरच्या सुताला बुरशी येऊन ते कुबट झालं होतं. कोकिळेने एक आंबा उचलून वर्गात नेला आणि विचारलं, हा मोरूने केलेला आंबा ना, मोरू कोण? पोरं एकमेकांकडे बघत राहिली. शेवटी रंगू नावाची एक पोर म्हणाली की मोरू दोन वर्षांमागे तापाने मेला.

कोकिळा तो आंबा घेऊन तशीच मास्तरांकडे गेली. मास्तरांनी हिशेबातली चूक खोडावी तशी नखाने ती चिठ्ठी खरवडून काढली. म्हणाले, हा संच पेणच्या जत्रेत घेतलेला, सहा वर्षं चाललाय. दरवर्षी रंग देतो, नवी नावं लावतो, एक राहून गेलं असेल. साहेब येतात, बघतात, जातात. कोकिळेने विचारलं की मुलांनी स्वतः काही केलेलं का दाखवत नाही. त्यावर ते हसले. त्यांचं म्हणणं, या पोरांच्या हाताला काय येतं? चिखल.

आंबा तिच्या हातात होता. रंगाचा पोपडा बोटांना चिकटला, तो तिने पदराला पुसला नाही. विहिरीवर जाऊन राखेने हात धुतले. मेलेल्या पोराच्या नावाने साहेबांची शाबासकी घ्यायची, हे तिला खाजणाच्या घाणीहून घाण वाटलं.

मास्तरांचा तो एक शब्द मात्र तिच्या डोक्यात राहिला. चिखल. गावातली सगळी घरं मिठागरावर राबणारी. पोरं चालायला लागली की आईबापांच्या मागे वाफ्यांतून हिंडायची. त्यांच्या हाताला चिखल येत असेल, तर चिखलच शिकवायचा.

रंगूचा बाप बुधाजी मिठागरात मुकादम होता. कोकिळेने त्याला शाळेत बोलावून आपला विचार सांगितला, की शाळेमागच्या पडीक तुकड्यात पहिलीच्या पोरांनी एक छोटा वाफा करायचा आणि त्यात मीठ पिकवायचं. बुधाजीला आधी ती चेष्टा वाटली. मग त्याने ती जागा पायाने दाबून पाहिली, मूठभर माती उचलून चुरगाळली आणि चालंल म्हणाला.

माघ महिना होता. वाफा किती मोठा करायचा हे पोरांनी पावलांनी मोजून ठरवलं. रंगूच्या पावलांनी आठ लांब, पाच रुंद. काळूरामची पावलं मोठी, त्याच्या मापाने सातच भरली. मग पावलं वेगळी तर माप वेगळं का येतं यावर एक अख्खी सकाळ गेली आणि शेवटी कोकिळेने सगळ्यांसाठी एकच काठी कापून घेतली. एरवी जी पोरं वीसपर्यंत आकडे म्हणताना पंधरावर अडखळायची, ती खारं पाणी आणताना मडकी चाळीसपर्यंत मोजायला लागली, कारण मडकं चुकलं तर भांडण व्हायचं.

पाण्याआधी तळ तुडवावा लागतो. चिखल पायांनी मळून मळून असा घट्ट करायचा की पाणी खाली मुरता नये. हे काम तीन दिवस चाललं. पोरं हात धरून रांगेत उभी राहायची आणि पाढा म्हणत पाय हाणायची. कोकिळा काठावर उभी होती. रंगू आतून म्हणाली, "बाई, तुमी पन या."

तिला नको वाटत होतं. तिने लुगडं वर खोचलं आणि उतरली. काळा चिखल बोटांच्या फटींतून वर आला तेव्हा तिच्या अंगावर शहारा आला, घशात आंबट आलं. रंगूने तिचा हात धरला होता. पोरीचा हात चिखलाने निसरडा होता, पण तिने तो सोडला नाही. दोन एके दोन, दोन दुणे चार. दोनाचा पाढा दहादा म्हणून होईपर्यंत घशातलं आंबट खाली गेलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी ती जेवायला बसली, तेव्हा कालवणाचा वास आपल्याला आला नाही हे तिला जेवण झाल्यावर लक्षात आलं.

पुढचे पंधरा-वीस दिवस शाळेचे खरे दिवस होते. सकाळी आल्याबरोबर पोरं वाफ्याकडे धावायची. काल पाणी कुठवर होतं, आज कुठवर आहे, काठीवर खूण करायची. पाणी कुठे गेलं, यावर वाद व्हायचा. एके सकाळी पाण्यावर दुधावर यावी तशी साय दिसली. पोरांना ती माहीत होती, पण ही त्यांची स्वतःची होती. काळूरामने बोटावर एक खडा घेतला आणि सगळ्यांना दाखवला, चौकोनी, डबीसारखा. काठावरच्या ओल्या मातीत रंगूने बोटाने लिहिलं, मीठ. ठ उलटा पडला होता. तिने तो स्वतःच पुसून परत काढला.

मीठ निघालं ते हंडीभर. जाडं, ओलसर, राखेच्या रंगाचं. पहिल्या पिकाचं मीठ असंच असतं, तळाची माती धरून येतं, बुधाजीने सांगितलं. पोरांनी ते मिटक्या मारत चाखलं.

त्याच आठवड्यात तालुक्याहून कागद आला की तपासणीचे साहेब बुधवारी येणार.

बाळाजी मास्तर तोवर वाफ्याकडे फिरकले नव्हते. कागद आल्यावर त्यांनी हंडी आणवली, आत पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. ते मूळचे शेजारच्याच गावचे, बाप मिठागरात राबणारा. पण हे गावात कुणी बोलून दाखवायचं नाही. ते भर उन्हातही मोजे घालून बूट घालत. बोलण्यात चुकूनही गावचा शब्द येऊ देत नसत.

बुधवारी सकाळी कोकिळा लवकर आली, तेव्हा मास्तर टेबलाशी उभे होते. पेणच्या दुकानातून आणलेल्या पुड्यातलं मीठ ते काचेच्या बरणीत ओतत होते. बारीक, पांढरंशुभ्र. बरणीवर चिठ्ठी लावून तयार होती: इयत्ता पहिलीच्या मुलांनी तयार केलेले मीठ. पोरांची हंडी खाली कोपऱ्यात, वर गोणपाट टाकलेलं.

कोकिळा म्हणाली की हे तिला मान्य नाही. मास्तरांनी बरणीचं झाकण लावलं आणि मग तिच्याकडे बघितलं.

"बाई, तुम्ही भाताच्या गावच्या. तुम्हाला हा चिखल म्हणजे गंमत आहे. मी त्यातनं वर आलोय. साहेबांपुढे ही राख ठेवू आणि सांगू, की हे आमचं?"

तिने आणखी काही बोलायला हवं होतं. पण मास्तरांनी हळूच आठवण करून दिली की तिची नोकरी अजून कायम व्हायची आहे आणि साहेब आज तिच्याबद्दल काय लिहितील त्यावर ते अवलंबून आहे. कोकिळा गप्प झाली. वर्गात जाऊन पोरांना रांगेत बसवू लागली. तोंडाला शेवाळ्यासारखी चव आली होती आणि ती गिळूनही जाईना.

साहेब अकराला आले. इस्त्रीचा पांढरा कोट, हातात रुमाल. खाडीवरून वारा आला की रुमाल नाकाशी जायचा. त्यांनी मातीची फळं पाहिली, यंदाच्या नावांची. छान म्हणाले. मग बरणी उचलून उजेडात धरली. एवढं स्वच्छ मीठ पहिलीच्या मुलांनी केलं? मास्तर हात बांधून म्हणाले, होय साहेब. साहेबांनी झाकण काढून चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि वर्गाकडे वळून विचारलं की हे कसं केलं ते कोण सांगेल.

रंगू उठली. तिला कुणी उठवलं नव्हतं. तिने सगळं नीट सांगितलं, बाईंनी शिकवलं होतं तसं, आधी काय, मग काय. जागा मोजली. माती खणली.

"मंग आमी पायानी तुडवला. तीन दीस. असा," ती म्हणाली, आणि कसं ते दाखवायला तिने पाय उचलून जमिनीवर आपटला. तळव्याला चिखल होताच.

साहेबांनी त्या पायाकडे पाहिलं. त्यांचं तोंड वाकडं झालं. ते दोन पावलांत खिडकीशी गेले आणि बाहेर थुंकले. एकदा थुंकून भागलं नाही, परत थुंकले. पाणी मागितलं. तीनदा चूळ भरली, मग रुमालाने जीभ पुसली, पुढून आणि मागून. तीस पोरं टक लावून बघत होती. वर्गात चुळांचा आवाज तेवढा येत होता.

रंगूला वाटलं, साहेबांना मीठ आवडलं नाही. ती समजावून सांगायला लागली, मोठ्या माणसासारखी. "ह्या आमचा मीठ न्हाय, साहेब. आमचा कालसर हाय. त्या हंडीत हाय."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, हा बाईंचा उपक्रम आहे, यातलं मला काही ठाऊक नाही. मग साहेबांनी कोकिळेकडे पाहिलं. हे मीठ मुलांनी केलेलं नाही का, असं त्यांनी विचारलं. काळूराम, रंगू, सगळी पोरं तिच्या तोंडाकडे बघत होती. ती म्हणाली, "मुलं लहान आहेत, साहेब." एवढंच. ना हो, ना नाही.

साहेबांना खोट्या मिठाशी फारसं कर्तव्य नव्हतं. त्यांना पायांचीच शिसारी आली होती. त्यांनी शेरेबुकात लिहिलं की खाद्य वस्तू पायांनी तुडवून तयार करण्याचा प्रकार घाणेरडा व आरोग्यास अपायकारक असून तो ताबडतोब बंद करावा व खड्डा बुजवावा. मग ते मास्तरांच्या घरी जेवायला गेले. स्वयंपाकाला ठमाबाईला बोलावलं होतं. रात्री तिने कोकिळेला सांगितलं, साहेब पोटभर जेवले, पापलेटाच्या कालवणात मीठ कमी वाटलं म्हणून वरून दोनदा मागून घेतलं. ठमाबाईने ते आपल्या बरणीतलं वाढलं, बुधाजीच्या वाफ्यातलं, खलबत्त्यात बारीक करून. ती हे कौतुकाने सांगत होती. कोकिळेला जेवण गेलं नाही. तिला साहेबांची किळस आली, मास्तरांची आली, आणि सगळ्यांत जास्त त्या चार शब्दांची आली. मुलं लहान आहेत, साहेब. ते शब्द तिच्या तोंडातून गेले तेव्हा ते रुमालाइतकेच पांढरे होते.

खड्डा त्याच दुपारी मास्तरांनी पोरांकडूनच बुजवून घेतला होता. हंडीतलं मीठ गटारात ओतलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून रंगू शाळेत आली नाही. पाच दिवस झाले. सहाव्या दिवशी कोकिळा तिच्या घरी गेली. रंगूची आई येसूबाई दारात मासे साफ करत होती. तिने बाईंना बसायला पाट दिला, आणि मग आत जाऊन पोरीला ओढूनच बाहेर आणलं. रंगूच्या पायांना फडकी गुंडाळली होती. येसूबाईने फडकी सोडली. तळवे सोलून निघाले होते, टाचांना रक्त सुकलेलं होतं, बोटांच्या मधली कातडी लाल. येसूबाईने सांगितलं की पोर दिवसभर विहिरीवर बसते आणि कौलाच्या तुकड्याने पाय घासते. मारलं तरी ऐकत नाही. तुकडा लपवला तर दुसरा शोधते.

कोकिळेने रंगूला जवळ घेऊन विचारलं, असं का करतेस. रंगूने फडकी परत पायांवर ओढली. मग खाली बघत म्हणाली, "साहेबाला माज्या पायाची ओकारी आली ना."

बुधाजी मागे येऊन उभा राहिला होता. तो एवढंच म्हणाला, की मुंबईपर्यंत जे मीठ जातं ते कुनाच्या तरी पायाखालूनच जातं, साहेबाला कुनी सांगाया पायजे होतं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो कोकिळेकडे बघतही नव्हता. पण कुणी सांगायला पाहिजे होतं हे तिला पुरतं कळलं. ती तिथून उठली आणि घराच्या मागे जाऊन माडाला धरून ओकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वर्गाला खाली बसवलं आणि सरळ सांगितलं. बरणीतलं मीठ तुमचं नव्हतं, दुकानातलं होतं. रंगू खरं बोलली. मला माहीत होतं आणि मी भिऊन गप्प बसले. घाण तुमच्या पायांत नव्हती. पोरांना काही कळलं, काही नाही. काळूरामने विचारलं, बाई तुमी कुनाला भियालात? तिने खरं ते सांगितलं, की नोकरी जाईल म्हणून. पोरांना हे पटलं. त्यांच्या घरीही लोक मुकादमाला आणि मालकाला भीत.

मग तिने कचेरीत जाऊन शेरेबुक काढलं. त्यात साहेबांनीच लिहायचं असतं. तिने साहेबांच्या शेऱ्याखाली, त्याच पानावर, काय घडलं ते आठ ओळींत लिहिलं. बरणीतलं मीठ कुठून आलं, मातीची फळं किती वर्षांपूर्वीची, आणि आपल्याला हे माहीत असूनही आपण बोललो नाही. खाली सही केली, तारीख घातली. बाळाजी मास्तरांनी ते वाचलं आणि पानाच्या कोपऱ्यातला आकडा बघितला. पान फाडता येत नव्हतं, पानांना आकडे घातलेले होते. तिला वाटलं, ते ओरडतील. ते खुर्चीत बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही इथनं जाल, बाई. मला इथंच राहायचंय."

तिला त्यांची कीव यायला हवी होती कदाचित. आली नाही. ती त्यांच्या बुटांकडे बघत राहिली. त्या बुटांच्या आत जे पाय होते, तेही कधीतरी कुणाच्या तरी थुंकीने असेच सोलले गेले असतील, हे तिच्या मनात आलं. पण म्हणून रंगूचे पाय सोलले जावेत, हे तिला पचेना.

शेरेबुकातल्या मजकुराची चौकशी झाली. एक कारकून आला, दोन जबान्या घेऊन गेला. मास्तरांना ताकीद मिळाली. कोकिळेची नोकरी कायम झाली नाही, एक वर्ष पुढे ढकलली आणि बदली झाली ती पालीच्याही वर, डोंगरातल्या एका शाळेत. नवरा चिडला. मग म्हणाला, निदान तो वास तरी सुटेल.

होळी झाल्यावर रंगू शाळेत यायला लागली. पाय भरले होते. बापाने तिला पेणहून रबरी वाहाणा आणून दिल्या होत्या, दोन बोटं मोठ्या. वर्गाच्या दाराशी सगळी पोरं अनवाणीच येत, ही मात्र वाहाणा पायातून काढायची नाही. कोकिळेने एकदा शेजारी बसून आपले स्वतःचे पाय तिला दाखवले, भेगा पडलेले, नखांत अजून काळं असलेले. रंगूने ते पाहिले. "तुमचे धुवून जातील, बाई," ती म्हणाली आणि पाटीवर बेरीज करायला लागली. बेरजा तिच्या आता बरोबर यायच्या.

वार्षिक परीक्षा झाल्यावर कोकिळा निघाली. पेणची एस. टी. धरायला गावाबाहेर बांधावरून जावं लागे. पहिलीची सगळी पोरं पोचवायला आली. काळूरामने तिची पिशवी घेतली होती, ठमाबाईने वाटेसाठी भाकरी बांधून दिली होती. अमावास्येच्या उधाणाने बांध एका जागी फुटून दहा-बारा हात लांब चिखल झाला होता. पोरं त्यात बिनदिक्कत उतरली, ओरडत, एकमेकांवर उडवत. कोकिळा लुगडं खोचून उतरली. पलीकडे पोचल्यावर तिने मागे पाहिलं.

रंगू चिखलाच्या गावाकडच्या काठावर उभी होती, वाहाणांची टोकं कोरड्या मातीत रोवून. पोरांनी तिला हाका मारल्या. ती आली नाही. कोकिळा परत फिरणार होती, तोच वळणावर एस. टी. चा भोंगा वाजला आणि काळूराम पिशवी घेऊन पळत सुटला.

गाडीत बसल्यावर तिने खिडकीतून पाहिलं तेव्हा बाकीची पोरं रस्त्याला आली होती. बांधावर ती एकटी अजून तिथेच उभी होती.